सवय झाली होती, असं मी म्हटलं

सनीव्हेल, २६ ऑक्टोबर २०२५

ती. लतिकाआत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

रुचाला धीर येईल असंच मी बोलले, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. रुचाची अनिका अकरा दिवसांची होऊन गेली, आणि मी तुझ्या लेकीला सांगितलं की मध्ययुगात निम्मी मुलं मोठी व्हायच्या आत जायची, आयांना सवय झाली होती. पहिलं खरं आहे. दुसऱ्याला माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. कुठेतरी वाचलेलं वाक्य मी तपासलं नाही. तपासून मगच बोलायचं हे तू शिकवलंस, माझी पहिली चार वर्षांची शाळा तुझ्या स्वयंपाकघरात झाली, तरीसुद्धा.

या आठवड्यात लॅबमध्ये त्या काळातल्या एका चार वर्षांच्या मुलाची हाडं मोजली. पाय इतके वाकलेले की ते कधी चाललंच नसणार. दातांवर उपासमारीच्या दोन रेघा. घरात सगळ्यांनाच कमी पडत असणार, तरी चार वर्षं कुणीतरी त्याला उचललं, भरवलं. सवय झालेली माणसं असं करत नाहीत. हे रुचाला सांगशील का?

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
उपासना

चँडलर, २ नोव्हेंबर

चि. उपासनास,
जयभीम आणि आशीर्वाद.

सांगितलं. रुचा म्हणाली, "त्या बायका उभ्या राहिल्या ना? मग मीही राहीन." तू ते सवयीचं बोललीस, त्याच्या पुढच्याच सोमवारी ती ऑफिसला गेली होती, अंगावर दूध येत असताना. अनिकाचं नाव मी काढलं की उठून जाते. जावयाने, विनयने, पाळण्याचं विचारलं, तर म्हणाली, रविवारी सोळा तारखेला डोनेट करून टाक. तो गॅरेजमध्ये जाऊन रडतो, कारण ती रडत नाही.

एका वाक्याला दहा संदर्भ जोडतेस, पण तिला एक फोन करवत नाही तुला. तिच्यासमोर बोललीस, तिच्यासमोरच खोड. मला मध्ये घालू नकोस, माझ्यातच आता काही उरलेलं नाही. जेवतेस ना वेळेवर? माया आहे म्हणून रागावले.

तुझी
आत्या

सनीव्हेल, ८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

फोन तीनदा लावला, रिंग जायच्या आत कट केला. अनिका परत येणार नाही. रुचा मला घरात घेईल असं वाटत नाही, आणि घेतलं तरी काही बरं होईल असंही नाही. पण त्या बायका रडत नव्हत्या हे मी सांगितलं, आणि ती ते खरं मानून जगते आहे. एवढं तरी तिच्यासमोर मागे घ्यायला हवं. तिला आधी कळवू नकोस, ती बाहेर निघून जाईल.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी
उपासना

ता. क. फ्लाइट बुक केली. शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी दहाला तिच्या दारात.