न जुळलेल्या वर्तुळानंतरची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, शाळेत चित्रकला आणि भूमितीचे रेखाटन शिकवणारी, अविवाहित, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घाबरलेली नसल्याचा दाखला कोणी देत नाही. देत असते तरी मला मिळाला नसता.

मृत्युपत्र आताच करण्याचे कारण असे. मध्यंतरी नववीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होते. कंपास न घेता, एका दमात काढते, म्हणून मुले मला माघारी ‘कंपासबाई’ म्हणतात. त्या दिवशी रेघ फिरून आली आणि सुरुवातीच्या टोकाला जुळलीच नाही, वीतभर बाहेर गेली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, गोगलगाय काढलीत का?” वर्ग हसला. “बरोबर ओळखलंस,” म्हणत मी तिला दोन शिंगे काढली. मग रंगांच्या कपाटाआड जाऊन उभी राहिले. तपासणीत डाव्या डोळ्यामागे मेंदूत गाठ निघाली. उद्या ऑपरेशन आहे.

१. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. उत्तरेची खिडकी बुजवून तिथे कपाट करायचे मेहुण्यांच्या मनात आहे. त्या खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड येतो. ती बुजवू नये. मेहुण्यांना कपाटच हवे असेल तर माझा पलंग काढून तिथे करावे.

२. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि निळ्या मखमलीची कंपासपेटी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीला. मुख्याध्यापकांनी ती काचेआड ठेवू नये. कर्कटकाच्या टोकाने बाकावर नाव कोरणाऱ्या मुलांनाही ती वापरू द्यावी. ती मुले टोक घट्ट धरतात.

३. फळ्यावरचा माझा मोठा लाकडी कंपास गणिताच्या सरांनी नेला आणि पाय मोडून परत आणला. वर “आधीच हलत होता” म्हणाले. हे मी माफ केलेले नाही. तरी मोठा गुण्या त्यांना द्यावा. तपासणीच्या दिवशी ते न सांगता माझ्यासोबत आले आणि दुपारभर माझी पर्स मांडीवर धरून बाहेर बसून राहिले.

४. डॉक्टरांना मी विचारले, “हात जाईल का?”
ते म्हणाले, “बाई, शक्यता सांगणं आमचं काम आहे.”
मला मरणाची भीती वाटते. अर्धवट परत येण्याची त्याहून जास्त वाटते. डोळे उघडीन आणि समोर धरलेल्या पेन्सिलीचे नाव आठवणार नाही, ही ती भीती. तसे झाले तर भेटायला आलेल्यांसमोर “हे काय आहे, ओळख बघू” असे कोणी करू नये. मी ते लहान मुलांशी पुष्कळ केले आहे, त्यांचे चेहरे मला माहीत आहेत. आणि “घाबरू नकोस” असे मला सांगू नये. जवळ बसावे.

५. साक्षीदार म्हणून सही करायला धाकटी पुढे झाली. वकीलबाई म्हणाल्या, “घर तुम्हाला मिळतंय, तुमची साक्ष चालणार नाही.”
धाकटी म्हणाली, “मग मला घर नको. ताई, तू ते कुणालाही दे. मी सही करते.”
“वेडी आहेस का?” मी म्हणाले.
“तू एकटीच सही करणार का या असल्या कागदावर?”
कलम एक कायम आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

साक्षीदार:
१. वकीलबाई (सही)
२. शेजारच्या दवाखान्यातील नर्स (सही)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार

लिहून देणार: (सही)

सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे. पेनाखाली कागद सरकत होता, म्हणून धाकटीने तो दोन्ही तळव्यांनी टेबलावर दाबून धरला. कायद्यात या कामाला काय म्हणतात ते वकीलबाईंनाही सांगता आले नाही.