डाळिंबाच्या फुलाभोवती

ताश्कंद, १२ फेब्रुवारी

ती. मुकद्दस आत्यास,
शाहनोझाचा सादर सलाम. वि. वि.

एर्गशकाकांच्या टॅक्सीतून पत्र पाठवतेय, कारण तुझे हात सदा मातीत आणि फोन सदा बंद. आत्या, मी नक्षीच्या विटा भाजतेय! वसतिगृहात आम्ही सगळ्याजणी संगणकावर एक खेळ खेळतो. नदीतून माती काढायची, भट्टीत भाजायची, रंगवायची आणि पुन्हा भाजायची, की झिलई चढते. अगदी आपल्यासारखं! वर आपल्या मनातली नक्षीही उतरवता येते.

एक मार्चला मोठी स्पर्धा आहे. मी त्यासाठी उंच दरवाजा बांधतेय. त्यावर आपल्या घरचं डाळिंबाचं फूल लावू? तू हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी शाहनोझा

रिश्तान, १५ फेब्रुवारी

चि. शाहनोझास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. बटण दाबून भाजलेली वीट! ना धूर, ना डोळ्यांत पाणी. अशा भट्टीवर चहा तरी होतो का गं?

पोरी, उस्तादाने वडीलधाऱ्यांसमोर कमरेला पट्टा बांधून दुवा दिल्याशिवाय शागिर्दाने घरची नक्षी आपल्या नावाने लावायची नसते. बाबांनी मलासुद्धा किती ताटकळत ठेवलं! तू तर संगणक शिकायला पळालीस. तुझ्यामागे चाकावर कुणी बसलं नाही. हे फूल माझ्याबरोबरच संपणार, याने जीव तुटतो. तरीही नाही म्हणजे नाही.

जर्दाळू पाठवलेत, मैत्रिणींनाही दे. आणि त्या भट्टीत लाकूड कुठलं जाळतात? सहज विचारलं.

तुझ्यावर रुसलेली, पण तुझीच
मुकद्दस

ताश्कंद, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास सादर सलाम. वि. वि.

लाकूड कुठलंही चालतं, कोळसा जास्त टिकतो. (सहज सांगितलं!) तुझं म्हणणं मान्य. दरवाज्याला साध्या निळ्या विटा लावीन.

पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. तुझं पत्र यायच्या आधी मी सरावाला म्हणून ते फूल मांडून पाहिलं होतं. चार विटा लावल्या, तर पाकळ्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या! मैत्रिणी वीट फिरवायचं बटण शोधून थकल्या. तसलं बटणच नाही. तेवढ्यात तू डोळ्यांसमोर आलीस. फरशीवर नक्षी मांडताना तू वीट फिरवत नाहीस. गुडघ्यांवर सरकत स्वतःच तिच्याभोवती फिरतेस. लहानपणी मी तुझ्या मागोमाग सरकायचे, आठवतं? मग खेळात मीही तशीच विटांभोवती फिरले. लावणारी जिकडे उभी, तिकडे विटेचं तोंड, म्हणून चारी बाजूंनी उभी राहून एकेक वीट लावली. आत्या, फूल उमललं! मी अशी किंचाळले की वसतिगृहाच्या बाई धावत आल्या.

तुझं पत्र आलं तशी ते फोडून टाकलं. त्याआधी घेतलेलं चित्र सोबत आहे, फक्त तुझ्यासाठी.

एवढ्यावर तरी राग सोड.
शाहनोझा

रिश्तान, २३ फेब्रुवारी

चि. शाहनोझास पोटभर आशीर्वाद.

चित्र हातात घेऊन मी चाकापाशी रडत बसले. आनंदाने गं, वेडे! ते फिरणं मी तुला कधीच शिकवलं नव्हतं. तू नुसतं बघून उचललंस, आणि मी म्हणत होते, कुणी शागिर्द उरली नाही.

तडक वडीलधाऱ्यांकडे गेले. तुर्सुनबॉयआजोबा म्हणाले, हाताला माती नाही तर पट्टा कसला? मी म्हटलं, आधी फूल तर बघा. चहा निवेपर्यंत चित्र न्याहाळत बसले. मग हळूच विचारलं, दरवाजा केवढा उंच आहे म्हणून!

शनिवारी ये. पट्टा शिवून ठेवलाय, पुलावाला गाजरं आणलीत. संगणक विसरू नकोस. दुवा झाली की सगळ्यांसमोर बसून फूल लाव आणि रविवारी खुशाल स्पर्धेला पाठव.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मुकद्दस

ता. क. शेजारच्या सईदाकडे मीही तो खेळ खेळून पाहिला. लाकडी घर बांधलं, भिंतीला लागून चूल पेटवली आणि अख्खं घर जाळून बसले. सईदा अजून हसतेय. म्हणून दुसराही पट्टा शिवलाय, माझ्या कमरेच्या मापाचा. तो तू बांधायचास.