फळा पुसून लिनक्स

३ नोव्हेंबर, सकाळी
पहाटे कापसाच्या जिनिंगचा भोंगा ऐकू आला. जिनिंग बंद होऊन पन्नास वर्षं झाली, म्हणजे बालपणच वाजलं असणार. लगेच उठलो. संकल्प: कॉम्प्युटरवरची जुनी विंडोज काढून लिनक्स टाकायचं. फुकट, मोकळं, कोणाची गुलामी नाही. निवृत्त शिक्षकाला शोभेल असं. एकट्याने करणार.

३ नोव्हेंबर, सायंकाळी सहा
रोजच्यासारखी कॉम्प्युटरवर भागिरथी ऐकली. बायकोचा आवाज, अकरा मिनिटं. शाळेतली नदीची कविता म्हणते, मी मधेमधे उच्चार सुधारतो. तिच्या आजारपणात शेजारच्या बेबीबाईने मोबाइलवर आवाज भरून कॉम्प्युटरवर टाकून दिला होता. भागिरथी गेली तेव्हा हीच बेबीबाई चारचौघांत म्हणाली, मास्तर, तुमी तिले कधी पुरं बोलूच देलं नाही. तेव्हापासून अबोला. दोन वर्षं. मला फरक पडत नाही.

५ नोव्हेंबर
एसटीने कामरगावहून कारंजा. दुकानदार पियूषने लिनक्सचा पेनड्राइव्ह दिला. म्हणे, गुरुजी, आधी बॅकअप घ्या. हसलो. छत्तीस वर्षं तास सुरू होताना फळा पुसला. त्याने धडा कधी हरवला?

६ नोव्हेंबर, दुपारी
मशीन विचारतं, डिस्क पूर्ण पुसू का? म्हटलं, पूस. स्वच्छ फळ्याशिवाय अक्षर वळणदार येत नाही.

५.४०
लिनक्स आलं. देखणं आहे. वीस मिनिटांनी भागिरथी.

६.३०
शोधतोय. लिनक्समध्ये वस्तू दुसरीकडे ठेवत असतील.

७ नोव्हेंबर
पियूषला फोन. म्हणे, गुरुजी, पुसलं ते पुसलं. आजकालच्या पोरांना धीर नाही. संकल्प: कविता मीच म्हणून भरायची. पाठ आहे.

८ नोव्हेंबर
माइक लावला. तिसऱ्या ओळीला अडलो. तिथे ती चुकायची, मी टोकायचो. पुढचं आठवत नाही. बेबीबाईच्या मोबाइलवर असेल. विचारणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

९ नोव्हेंबर
लिनक्स फार जलद चालतं. आत काहीच नाही ना.

सायंकाळी सव्वासहाला कडी वाजली. बेबीबाई. म्हणे, तीन दिस झाले, भिंतीतून भागिरथी ऐकू नाही आली. म्हटलं मास्तर हायेत का गेले. मी म्हटलं, फळा पुसला. तिला काय समजलं कोणास ठाऊक. उंबऱ्यावरच बसली, मोबाइल काढला. म्हणे, लावतो, पण आता तरी मधात बोलू नका.

नाही बोललो. मोबाइलमधला मी मात्र तिसऱ्या ओळीला बोललोच.