अश्लेषाने तारा उलट जोडल्या नव्हत्या

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
६ जानेवारी २०२६

ती. रमाकाकांस सीमंतिनीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. शाळेतल्या माझ्या छंदवर्गात सातवीच्या अश्लेषाने तारा उलट जोडून किटमधला एलईडी दिवा जाळला, असं कळवलं होतं. तिच्या तारा बरोबर होत्या. किट दोन पेन्सिल सेलचं, म्हणजे तीन व्होल्टचं. सेल आले नाहीत म्हणून मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या मागवल्या.

काल घरी करून पाहिलं. तीन व्होल्टवर उलट जोडला तर दिवा नुसता लागत नाही. नऊवर सुलट जोडला, तर क्षणभर नारिंगी झळकून कायमचा गेला. लाल दिवा आधी नारिंगी झाला, हेच ती पोर रडत सांगत होती.

माझ्या सहीच्या अहवालावरून तिचं नाव विज्ञान प्रदर्शनातून काढलंय. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, जाने दो, बच्ची आहे, विसरेल. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. बिघाड झाला की आधी हात तपासायचा, हे तुम्हीच ना शिकवलंत? म्हणून मी तिचाच तपासला.

काकूंना नमस्कार. माया कमी करू नये.
सीमंतिनी

जबलपूर
१० जानेवारी २०२६

चि. सीमंतिनीस अ. उ. आ.

कानाला मशीन लावूनही फोनवर तुझं बोलणं कळत नाही. पत्रातलं ओरडणं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

हात तपासायचा म्हणालो होतो तो आपला, लेकराचा नव्हे. त्या बॅटऱ्या वर्गात वाटल्या कोणी? मॅडमवरचा राग रास्त आहे, पण त्यातला थोडा घरी ठेव. काकू म्हणते, नोकरी अजून पक्की नाही, जपून. मी काही म्हणत नाही.

तिळगूळ पाठवलाय. एक लाडू त्या मुलीचा.
रमाकाका

ग्वाल्हेर
१५ जानेवारी २०२६

ती. काकांस सा. न. वि. वि.

बॅटऱ्या मीच वाटल्या. वरचा आकडा वाचला होता. किट सोसेल असं धरून चालले.

लाडू दिला. अश्लेषाने घेतला, पण नवं किट पुढे केल्यावर हात पाठीमागे नेले. दीदी, मी फक्त बघते, म्हणाली. ते पाहून मॅडमइतकाच स्वतःचाही राग आला.

मॅडम सांगतात, प्रदर्शन होऊ दे, मग कागदावर लिहून दे. म्हणजे फाईलमध्ये पुरायला. प्रदर्शन मंगळवारी आहे, आणि अश्लेषा खोटं बोलते असं प्रार्थनेला साऱ्या शाळेसमोर सांगितलं गेलं होतं. मीही तिथेच बोलणार: आधी दोन्ही बॅटऱ्या लावून दाखवीन, मग माझी चूक, मग त्यांची. काकूंना सांगा, जपूनच बोलेन, पण बोलेन.

आशीर्वाद या वेळी जरा जास्त असावा.
सीमंतिनी

ता. क. बोलणार प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी: सोमवार, १९ जानेवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच.