कपाट ठेवायचं की पेटवायचं

आबा, काल तुमच्या वाचनालयात मारामारी झाली. पुस्तकांवरून. खुर्च्या मोडल्या, चेअरमनचा सदरा फाटला, माझ्या जावेच्या बांगड्या फुटून तिचंच मनगट कापलं, आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोची काच फुटली. ती मी फोडली. चुकून धक्का लागला वगैरे काही नाही, हातातलं पुस्तक फेकून फोडली. दाराशेजारचं कपाट ठेवायचं की चौकात नेऊन पेटवायचं, हे उद्या सकाळी कमिटीला मी सांगायचंय. मी म्हणेन ते होणार आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. ऐकून घ्यायची तुम्हाला सवय नव्हती, पण आता तुमचा काही इलाज नाही.

तुम्ही गेल्यावर वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली ती आलीच. गुरुजींची लेक, शिवाय याच गावची सून, म्हणून मला चिटणीस केलं आणि सगळे विसरून गेले. कादंबऱ्यांच्या कपाटाकडे हल्ली उंदीरसुद्धा फिरकत नाही. सारखं उघडतं ते हे एकच, यशाच्या पुस्तकांचं. पहाटे कसं उठावं, माणसं कशी जोडावीत, भीती कशी घालवावी, असलं सगळं. त्यावरून गावात दोन तट आहेत. एक द्राक्षबागायतदार आहे, तो छातीवर हात ठेवून सांगतो, "ताई, ह्या पुस्तकांनी मला दारूतून वडून काढलं." दुसऱ्या बाजूला तुमचाच विद्यार्थी, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. तो म्हणतो, "आसली पुस्तकं वाचून एकच मानूस मोठा व्हतो, लिवनारा." चहाबरोबर हे रोज चालायचं. एकमेकांना चिमटे काढायचे, हसायचे, घरी जायचे. पण मग त्यात वाघ शिरला.

इथं बिबट्याला वाघच म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वेळी तो क्वचित दिसायचा. आता बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला बसतात. टीव्हीवर बघून शहरातले लोक हसतात, आम्हाला काही हसू येत नाही. आमच्या उसाची तोड चालली होती. तोडत तोडत आलं की शेवटी मधे उसाचा एक पट्टा उरतो, आणि जनावर असलं तर ते त्या पट्ट्यातच कोंडलेलं असतं. गावातलं शेंबडं पोरही तिथं पाय टाकत नाही. आमचे हे तर लांब बांधावर उभे होते. तरी भर दुपारी ते बाहेर आलं आणि यांच्या खांद्यावर पडलं. डोक्याची कातडी सोलून कपाळावर लोंबली. तोडीवाल्यांनी कोयते आपटून, आरडाओरडा करून सोडवलं. जखमा भरल्या, पण माणूस घरात बसला तो बसलाच. परसात जायचं तरी मी पुढं पाहिजे. शिमगा झाला, पाडवा झाला, हे खाटेवर. मग मी त्या कपाटातलं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक घरी आणलं. रोज सकाळी आरशापुढं उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, माझी भीती माझ्यापेक्षा लहान आहे. मी दारात उभी राहून म्हणवून घ्यायची. आधी पुटपुटायचे, मग असे ओरडायला लागले की शेजारीण विचारायची, टीव्ही बिघडला का? आणि एक दिवस हे रानात गेले आणि विहिरीवरची मोटार चालू करून आले. मी रडले, आबा. गावभर सांगत सुटले की पुस्तकानं माझा नवरा परत दिला.

ते माझ्या धाकट्या दिरानं ऐकलं आणि तेच पुस्तक घरी नेलं. त्यात एक प्रकरण आहे, भीतीकडे चालत जा, या नावाचं. पुढच्या हंगामात त्याची कालवड वाघानं ओढून नेली. वनखात्याचे लोक सांगून गेले, पिंजरा लावतोय, उसात कुणी शिरू नका. तोड शेवटच्या पट्ट्यापर्यंत आली होती. दीर कोयता घेऊन, ते आरशाचं वाक्य ओरडत सरळ त्या पट्ट्यात चालत गेला. जन्म या मातीत गेलेला माणूस! बाहेर काढला तेव्हा उजव्या हाताचा चेंदा झाला होता, बोटं कुठली आणि मनगट कुठलं ते कळत नव्हतं. पुण्याला कोपरापासून काढावा लागला.

काल सभेत माझी जाऊ, त्याची बायको, उठली. ती घोडेगावची, तोंडाची आधीच तिखट, आणि आता तर तिला कोण अडवणार? "कपाट पेटवा. समद्यांसमोर. न्हाईतर ह्या ताईलाच पेटविते मी," म्हणाली. मी काही बोलायच्या आत दीरच उभा राहिला, रिकामी बाही खिशात खोचलेली. "गप बस. पुस्तकाची काय चूक न्हाई. मी परकरण अर्धंच वाचलं व्हतं. म्होरं लिवलं आसंल, वाघाचं सोडून." हसावं की रडावं कुणाला कळेना. माझा मात्र ऊर भरून आला. ज्याचा हात गेला तोच पुस्तकाच्या बाजूनं! आता आमचे हे दोन शब्द बोलले की झालं, असं मी धरून चालले. हे उठले आणि म्हणाले, "कसलं पुस्तक राव! ही दारात उभी ऱ्हायची म्हनून वरडायचो मी. मनात काय बी न्हवतं. येक दिवस हिनं मला ढकलून भायेर काढला नि आतून कडी घातली. दार बडवून बडवून दमलो. भायेर काय न्हवतं. मंग गेलो रानात." खरं आहे, ढकललं होतं मी. पण मला वाटलं होतं, पुस्तकानं माणूस तयार झालाय, आता नुसता उंबरा ओलांडायचा राहिलाय. ज्याचा जीव वाचला तो नवराच उलटला, आणि तोही भरसभेत. कंडक्टरला तर आयतं कोलीत मिळालं. "तेच म्हंतो मी! मानूस धक्क्यानंच सुदारतो. आमच्या येळंला कुठं व्हती आसली पुस्तकं? गुरुजींची येक फोक बसली की जल्माचा सरळ!" त्यानं तुमच्या फोटोला हात जोडले. चारसहा जणांनी माना डोलावल्या. आणि मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "शोभती बरं गुरुजींची लेक!" लाल पुस्तक माझ्या हातात होतं, चांगलं जाडजूड. ते तुमच्या कपाळावर बसलं. जावेला वाटलं तिलाच मारलं, तिनं माझ्या झिंज्या धरल्या, मी तिच्या मुस्काटात दिली, आणि मग कोण कुणाला का मारतंय याचा पत्ता राहिला नाही. शेवटी चेअरमन फाटक्या सदऱ्यानं टेबलावर चढला आणि ओरडला, "चिटणीसबाई सांगत्याल तसं! ठिवायचं तर ठिवू, पेटवायचं तर पेटवू!"

त्या सगळ्यांना फोक आठवते, आणि तीही लाडानं. मला फळा आठवतो. तुम्ही रोज वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं सुविचार लिहायचात, काय सुरेख अक्षर तुमचं! त्या दिवशी होता, जो राग आवरतो तोच खरा शूर. लिहिताना खडू मोडला आणि मला हसू आलं. एवढंच. तुम्ही मला वेणीला धरून फळ्यापाशी ओढलंत, सुविचार मोठ्यानं वाचायला लावलात, आणि एकेका शब्दाला हातावर निरगुडीची एकेक फोक. शूर म्हणेपर्यंत फोक मोडली होती. मग दुसरी आणवलीत आणि पहिल्यापासून वाचायला लावलंत. संध्याकाळी चुलीपाशी आई माझ्या हातांना हळद लावत होती. मला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. आई एवढंच म्हणाली, "हात सुजल्यात पोरीचे." तुम्ही भरलं ताट तिच्या अंगावर भिरकावलंत. कढत आमटी तिच्या गळ्यावरून आत गेली, आणि ती ओरडली नाही, पदर झटकत राहिली. मी तुम्हाला तेव्हा मनातल्या मनात कोयत्यानं तोडलं होतं, आबा, उसासारखं कांड्याकांड्यानं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नारायणगावच्या बाजारातून माझ्यासाठी गोष्टींचं पुस्तक आणलंत आणि न बोलता उशाशी ठेवलंत. सुजलेल्या बोटांनी मी पानं उलटली. ते पुस्तक मला फार आवडलं, आणि याचाच मला अजून संताप येतो. तुमच्यामुळं मला वाचायचं वेड लागलं हे जगाला सांगायचं आणि तुम्ही त्याच हातानं काय केलंत ते गिळायचं, असं मी आजवर केलं. एवढंच सांगते, की कालची काच फुटल्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी ते लाल पुस्तक पहिल्यांदा सगळं वाचायला घेतलं. कपाट पेटवायचं असेल तर निदान कारण तरी हातात असावं. निम्म्याहून जास्त पानं म्हणजे नुसती पाण्यात काठी मारलेली. तुमचा सुविचार फळ्यावर एका ओळीत मावायचा, हा माणूस तोच वीस पानं दळतो. पण शेवटाकडे एक अभ्यास दिलाय. ज्यानं तुम्हाला दुखवलं त्याला पत्र लिहा, तो हयात नसला तरी लिहा, काही लपवू नका, आणि पाठवू नका. मी हसले, म्हटलं, पाठवू कुठं, पिनकोड काय घालू? मग उठून कागद आणले. म्हटलं, हीच परीक्षा. लिहून झाल्यावर राग गेला तर कपाट राहील, नाही गेला तर काडी मीच लावीन.

लिहून झालं. राग गेलेला नाही. उलट आईच्या गळ्यावरची आमटी आत्ता सांडल्यासारखी डोळ्यापुढं आली. दातओठ खाऊन लिहिल्यानं कागद जागोजागी फाटलाय. मघाशी हे चहा मागायला आले आणि माझं तोंड बघून दारातच थबकले. कालपासून आमचं बोलणं नाही. "मारती का काय?" म्हणाले. मला खरंच काहीतरी फेकायचं होतं, पाट तर हाताशीच होता. मी म्हटलं, "लिहितेय. बसा गप." ते बसले, मग उठून चहा त्यांनीच केला, माझ्यापुढं कप ठेवला आणि लांब जाऊन बसले. राग गेला नाही हे खरं, पण दुपारभर तो कागदावर राहिला, कुणाच्या अंगावर गेला नाही. आपल्या घरात असं कधी झालं होतं का, आबा? मला तरी आठवत नाही.

तेव्हा उद्या सांगणार आहे, कपाट राहू द्या. जाऊ परत झिंज्या धरील, धरू दे, तिचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे. कंडक्टरला पण एकदा सगळ्यांसमोर सांगणार आहे, की तुझ्या गुरुजींच्या घरात सरळ असं कुणीच झालं नाही. त्यानं ऐकलं तर ऐकलं.

त्या अभ्यासात पुढं लिहिलंय, की पत्राची शेवटची ओळ ठरलेली आहे. मी तुम्हाला क्षमा केली, असं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. त्याशिवाय म्हणे पत्र पुरं होत नाही. मी दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, आबा. पण सही करताना बघितलं, तर वर एका ओळीची जागा सोडली गेली होती.