बंद वॉर्डाची पिवळी पिशवी

प्रिय चिमणे,

सोमवारपासून तू माझ्या जोडीला दवाखान्यात येणार, हे आईने एव्हाना अख्ख्या गल्लीला सांगितलं असेल. तुझं नाव मीच साहेबांच्या कानावर घातलंय, तेव्हा माझं नाक कापू नकोस. काम काही अवघड नाही. रक्ताचे बोळे, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत. सुया पांढऱ्या जाड डब्यात. पिशवी पाऊण भरली की बांधायची, वॉर्ड आणि तारखेचं लेबल लावायचं आणि अंगापासून लांब धरून तळघरात न्यायची. वरून दाबायची मात्र नाही. खरं तर आम्ही सगळ्याच दाबतो, एक खेप वाचते ना! पण जी सापडते तिला साहेब घरी बसवतात.

मला हे काम शिकवणाऱ्या मावशींना अशाच दाबलेल्या पिशवीत कुणी चुकून टाकलेली सुई लागली होती. तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं तर रक्तातून येणारा एचआयव्हीचा आजार बहुधा टळतो. पण नोकरीच्या भीतीने त्या गप्प बसल्या. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. गेल्या वर्षी त्या वारल्या.

आता पुढचं आईला सांगू नकोस. मावशींचा तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड त्यांच्यामागोमाग बंद झाला, दाराला कुलूप आहे. तरी गेला महिनाभर रोज सकाळी मी तळघर उघडते तेव्हा त्या वॉर्डाची एक पिशवी आत येऊन पडलेली असते. लेबलवर त्याच दिवसाची तारीख, अक्षर मावशींचं, गाठही त्यांच्याच पद्धतीची. साहेब म्हणतात, कुणीतरी जुनी लेबलं वापरतंय. वजनकाट्यावर ठेवली तर काटा हलत नाही, पण उचलताना माझा खांदा भरून येतो.

परवा सकाळी घाईत मी एक पिशवी दाबली आणि सुई तळहातात गेली. साबणाने हात धुतला, नवा हातमोजा चढवला आणि कुणाला काही बोलले नाही. दाबल्याचं कबूल केलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुझी सुरू व्हायच्या आधीच. आज सकाळीही ती पिशवी आली. लेबलवरचं अक्षर माझं आहे. मला फार भीती वाटतेय गं. आता मागे फिरता येऊ नये म्हणून हे लिहिलंय. पत्र वॉचमनच्या हाती देऊन मी सरळ डॉक्टरीणबाईंकडे चाललेय. नोकरी गेली म्हणून रुसायचं असेल तर खुशाल रूस.

तुझीच,
घाबरट ताई