त्यानं ‘ओढ’ म्हटलं होतं

बाबा,

नुसतंच बाबा. ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले. रविवारी महाराष्ट्र मंडळाने इथे टेक्सासला, अर्विंगमध्येच तुमची श्रद्धांजली सभा ठेवली आहे. तुमच्या पुस्तकातलं सदाकाकाचं प्रकरण मी वाचायचं ठरलंय, आणि समोर त्याची बायको, आपली सुमनकाकू बसणार. म्हणून आधी तुम्हाला लिहितेय.

काय सुंदर लिहायचात हो! ऑइल रिगखालचं काळंकुट्ट पाणी, सगळं काम हाताने चाचपत, हवा वरून नळीतून येणार. आणि बोटीवर ती नळी सांभाळत, खालच्या माणसाशी बोलायचा फोन कानाला लावून बसलेले तुम्ही. लुइझियानाच्या त्या किनाऱ्यावर दोनच मराठी पाणबुडे, तुम्ही आणि सदाकाका.

फोनवर फक्त इंग्लिश बोलायचं, हा कामावरचा नियम. तुम्ही तो धाब्यावर बसवलात. काकाने खालून इंग्लिशमध्ये काही मागितलं की तुमचं ठरलेलं उत्तर, “मराठीत बोल रे, ऐकू येत नाही!” ह्या वाक्याला मंडळात दर वेळी टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. आता लाज वाटते.

मग तो दिवस. तुम्ही लिहिलंत, सदाने घाईत ‘सोड’ म्हटलं, मी नळी सैल सोडली. सैल नळी फाटक्या पत्र्यावर घासली आणि कापली गेली. ‘माझा मित्र स्वतःच्याच एका शब्दाने गेला.’ वा! काय वाक्य आहे!

आणि हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणालात, “वैजू, तो ‘ओढ’ म्हणाला होता गं. मला ‘सोड’ ऐकू आलं.”

इथवर मी तुम्हाला माफ केलं होतं, बाबा. इंजिनचा आवाज, फोनची खरखर, माणूस चुकतो. पण तुम्ही पुढे बोललात. दुसऱ्यांदाही तो ‘ओढ’च ओरडला. तिसऱ्यांदा म्हणाला, “पुल मी अप!” ते तुम्हाला स्वच्छ ऐकू आलं. आणि तुम्ही हसून म्हणालात, “मराठीत बोल रे.”

त्यावर तो काही बोललाच नाही. कसा बोलणार? तोवर नळी कापली गेली होती.

चाळीस वर्षं काकूने काय भोगलं, बघत होतात ना? तिचा निखिल अजून लोकांना सांगतो, “माय डॅड वॉज केअरलेस.” स्वतःच्या बापाबद्दल! आई गेल्यावर काकू तुम्हाला डबा आणायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, “आमच्या ह्यांच्या चुकीचा भावोजींना केवढा त्रास झाला.” तुम्ही “जाऊ द्या वहिनी” म्हणालात आणि दुसरी पुरणपोळी वाढून घेतलीत. घशाखाली उतरली कशी हो?

“काकूला सांगू नकोस,” म्हणालात शेवटी. मला वाटलं होतं, सांग म्हणाल. तेवढी एकच आशा होती मला, तीही तुम्ही ठेवली नाहीत.

काल सांगितलं. ती किचनमध्ये मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे हे चुकले नव्हते?” “नाही, काकू,” मी म्हटलं. मेथीची जुडी बाजूला सारून पुन्हा, “नव्हतेच ना चुकले?” मग निखिलला फोन लावला. तो म्हणाला, “आई, आय ॲम इन अ मीटिंग.” ही त्याच्यावर ओरडली, “मीटिंग गेली खड्ड्यात! तुझे बाबा चुकले नव्हते!”

तुमच्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी निघताना एवढंच म्हणाली, “रविवारी ते पान मी वाचणार. तू नको.”

तेव्हा शब्द देते, बाबा. माइक तिच्या हातात देईन. हार घातलेला तुमचा फोटो तिथेच असेल. ती काहीही बोलो, कितीही वेळ बोलो, तुमच्या बाजूने मी तोंड उघडणार नाही.

दुसरा बाप कुठून आणू, म्हणून तुमचीच,
वैजू